शांततेचा परवाना

कोचीहून निघालेले छोटे विमान लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर उतरते, तेव्हा धावपट्टीच्या दोन्ही अंगांना समुद्रच दिसतो. बेटाचे क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटरही भरत नाही. 2011 च्या जनगणनेत येथील लोकसंख्या 7,566 होती. माडांच्या बागा, सायकली, सायंकाळी परतणाऱ्या टुना मासेमारीच्या होड्या आणि प्रवाळाच्या कड्याआड साठलेले उथळ, निळे, निवांत पाणी, म्हणजेच लगून, एवढाच येथला पसारा. मद्यालये नाहीत, भव्य हॉटेले नाहीत. महानगरातून आलेल्या पाहुण्याला दोन दिवसांत वाटू लागते, की ही शांतता निसर्गानेच येथे ठेवली आहे.

ते अर्धसत्य आहे. देशाच्या इतर किनाऱ्यांवरही निसर्गाने कधीकाळी अशीच शांतता ठेवली होती. लक्षद्वीपमध्ये ती टिकली, यामागे एक नियम आहे. 1967 मध्ये लागू झालेल्या प्रवेश व निवास निर्बंध नियमांनुसार बेटांचा रहिवासी नसलेल्या भारतीय नागरिकालाही येथे येण्यासाठी परवाना घ्यावा लागतो. स्थानिक रहिवाशांपैकी बहुसंख्य अनुसूचित जमातींत मोडतात आणि बाहेरच्यांनी येथील जमीन घेण्यावरही निर्बंध आहेत. पर्यटकाला जाचक वाटणारा हा परवानाच त्याला हव्या असलेल्या शांततेचा खरा रखवालदार आहे.

जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि लक्षद्वीपविषयीचे कुतूहल एकाएकी उसळले. मालदीवशी त्याच वेळी उद्भवलेल्या वादामुळे ‘आपले मालदीव’ ही कल्पना लोकप्रिय झाली. परंतु ही तुलना पहिल्याच पायरीवर अडखळते. मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत आणि तेथील महागडी विश्रामस्थाने प्रामुख्याने निर्जन बेटांवर, स्थानिक वस्तीपासून अलग उभारण्यात आली. लक्षद्वीपमध्ये नोंदीनुसार 36 बेटे, त्यांतील दहांवर वस्ती आणि एकूण भूभाग अवघा 32 चौरस किलोमीटर. 2011 मध्येच या भूभागावर दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक माणसे राहत होती. मोकळी जागा आहे, पण ती पाण्यात.

बेटावर किती खोल्या बांधता येतील, हा प्रश्न म्हणूनच दुय्यम ठरतो. प्यायला पाणी किती, हा पहिला प्रश्न. या बेटांवर नद्या नाहीत. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. शौचालयांचे खड्डे आणि विहिरी जवळजवळ असल्याने हा थर दूषितही होतो. यावर उपाय म्हणून राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने 2005 मध्ये कवरत्ती येथे आणि 2011 मध्ये मिनिकॉय व अगत्ती येथे समुद्राच्या पृष्ठभागावरील उबदार पाणी आणि खोलवरचे थंड पाणी यांच्या तापमानातील फरकावर चालणारे प्रकल्प उभारले. त्यांची क्षमता प्रत्येकी दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी देण्याची.

हा आकडा मोठा वाटतो. अगत्तीच्या 2011 मधील लोकसंख्येने त्याला भागले, तर माणशी दिवसाला सुमारे 13 लिटर पाणी येते. जल जीवन मिशनने ग्रामीण भारतासाठी ठरवलेले प्रमाण माणशी 55 लिटर आहे. प्रकल्पाच्या पाण्याने तहान भागते, बाकीची गरज विहिरी आणि पावसाच्या साठवणीवरच राहते. दोन वेळा शॉवर घेणारा, रोज धुतलेल्या चादरींची अपेक्षा ठेवणारा पाहुणा याच हिशेबात वाटेकरी होतो. त्याच्यासाठी नवे संयंत्र बसवता येईल, परंतु त्याला वीज लागते आणि बेटांवरील वीज अजूनही मोठ्या प्रमाणात मुख्य भूमीवरून जहाजाने येणाऱ्या डिझेलवर तयार होते.

दुसरा हिशेब लगूनचा. येथील मच्छीमार टुना जाळ्याने नव्हे, तर गळाच्या काठीने पकडतात. ही पद्धत पर्यावरणाला सर्वांत कमी इजा करणाऱ्या पद्धतींपैकी एक मानली जाते. त्यासाठी लागणारे जिवंत आमिष, म्हणजे बारीक मासे, मिळतात लगूनमध्ये. मिनिकॉय, कडमत आणि सुहेली येथे समुद्राच्या पाण्यावर पर्यटक-निवास उभारण्याच्या योजना पुढे आल्या, तेव्हा ‘रिकामे’ मानलेले ते पाणी मच्छीमारांच्या धंद्याचे भांडवल होते. प्रवाळ 1998, 2010, 2016 आणि पुन्हा 2024 मध्ये समुद्राच्या उष्णतेने पांढरे पडले. प्रवाळाचा कडा खचला की लाटांना अडवणारी भिंतच खचते. बंगारमच्या लगूनमधील पराली-1 हे निर्जन बेट झिजून नाहीसे झाल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले गेले आहे.

याचा अर्थ पर्यटन नकोच, असा नाही. नारळ, मासळी आणि सरकारी नोकरी यांपलीकडे बेटांवरील सुशिक्षित तरुणांना फारसे पर्याय नाहीत. त्यांना रोजगार हवा आहे. 2021 मधील विकास प्राधिकरणाच्या मसुद्याला झालेला तीव्र विरोध विकासाला नव्हता. बेटकऱ्यांना न विचारता त्यांच्या जमिनीचे नियोजन करण्याचा अधिकार प्रशासनाच्या हाती जाईल, ही त्यामागची भीती होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. रवींद्रन समितीनेही बेटांचे नियोजन पर्यावरणाच्या मर्यादेत आणि स्थानिक लोकनियुक्त संस्थांना सोबत घेऊन व्हावे, अशीच दिशा दाखवली होती.

या दिशेला आकड्यांची जोड हवी. प्रत्येक बेटाचा पाण्याचा ताळेबंद जाहीर करून त्यावरून पर्यटकांच्या खाटांची कमाल संख्या ठरवावी आणि परवान्यांची संख्या तिच्याशी बांधावी. सांडपाण्यावर प्रक्रिया व कचऱ्याची परतवाहतूक यांची सोय नसलेल्या निवासाला परवानगी नसावी. लहान अतिथिगृहांच्या परवान्यांत बेटकऱ्यांना अग्रक्रम द्यावा. जहाजावरील जागांत त्यांचा वाटा राखीव असावा, कारण पाहुण्यासाठी जी सहल, ती बेटकऱ्यासाठी रुग्णालयाची किंवा महाविद्यालयाची वाट असते. यातून येणारा पर्यटक कमी असेल आणि त्याला अधिक खर्च करावा लागेल. सुट्टी सर्वांना परवडावी, या आग्रहाशी हे विसंगत आहे आणि तसे उघडपणे मान्य केले पाहिजे. मात्र चार चौरस किलोमीटरच्या जागेत सर्वांना सामावून घेण्याचे वचन कोणतेही सरकार पाळू शकत नाही.

परवाना हा वसाहतकालीन मानसिकतेचा अवशेष आहे, अशी टीका अधूनमधून होते. त्याचे अर्ज सोपे व्हावेत, त्यातील विलंब संपावा, हे योग्यच. पण तोच काढून टाकला, तर पाहुण्यांची संख्या विमान कंपन्या आणि गुंतवणूकदार ठरवतील, आणि विहिरीचे पाणी खारट झाल्याचे सर्वांत आधी कळेल ते वर्षभर तेच पाणी पिणाऱ्यांना.