सर्वोच्च पद आणि जन्माचा दाखला

नागपूरच्या मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल अशा कंपन्या आल्या आणि विदर्भातल्या तरुणांना घराजवळ आयटीतली नोकरी मिळू लागली. या क्षेत्रातली बरीच मुलं पुढे ऑनसाइट म्हणून अमेरिकेला जातात. काही तिथेच राहतात, ग्रीन कार्ड मिळवतात, यथावकाश नागरिक होतात. अशा मुलाला अमेरिकेत मतदान करता येतं, महापौर होता येतं, राज्याचा गव्हर्नरही होता येतं. राष्ट्राध्यक्षपद मात्र त्याला कायमचं बंद आहे. त्याच्या तिथे जन्मलेल्या मुलीला मात्र ते खुलं आहे.

मराठी माणसाला याचं उदाहरण लांब शोधायला नको. श्री ठाणेदार यांचा जन्म चिकोडीचा, बालपण बेळगावचं. शिक्षणासाठी ते अमेरिकेला गेले, उद्योजक झाले, 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढले आणि हरले. जानेवारी 2023 पासून ते अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे सदस्य आहेत. देशाचे कायदे करण्याचा हक्क त्यांना आहे, पण राष्ट्राध्यक्ष होण्याचा नाही. ऑस्ट्रियात जन्मलेले अर्नोल्ड श्वार्झनेगर कॅलिफोर्नियाचे दोनदा गव्हर्नर झाले, तेही याच अटीपाशी थांबले.

ही अट 1787 च्या राज्यघटनेतली आहे. राष्ट्राध्यक्ष जन्माने नागरिक हवा, वय किमान 35 आणि देशातलं वास्तव्य किमान 14 वर्षांचं हवं. नुकतंच स्वतंत्र झालेलं ते राष्ट्र युरोपातल्या राजघराण्यांना धास्तावलेलं होतं. तिथला एखादा सरदार पैशाच्या आणि सैन्याच्या जोरावर सत्ता बळकावेल, अशी भीती होती. ती भीती केव्हाच सरली, अट मात्र राहिली.

भारताच्या राज्यघटनेत अशी अट नाही. कलम 58 नुसार राष्ट्रपती भारताचा नागरिक असावा, त्याचं वय 35 पूर्ण असावं आणि तो लोकसभेवर निवडून येण्यास पात्र असावा. पंतप्रधानाला संसदेचं सदस्यत्व लागतं. ते नसेल तर सहा महिन्यांत मिळवावं लागतं. जन्म कुठे झाला, हा प्रश्न घटना विचारत नाही.

हा प्रश्न देशापुढे सर्वांत ठळकपणे मांडला तो मात्र महाराष्ट्रातल्याच नेत्याने. 15 मे 1999 रोजी शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी काँग्रेस अध्यक्ष सोनिया गांधी यांना पत्र लिहिलं. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदं जन्माने भारतीय असलेल्यांनाच मिळावीत, त्यासाठी घटनादुरुस्ती करावी, अशी त्यांची मागणी होती. सोनिया गांधींचा जन्म इटलीतला. भारतीय नागरिकत्व त्यांनी 1983 मध्ये घेतलेलं. 20 मे रोजी तिघांची पक्षातून हकालपट्टी झाली आणि 10 जूनला राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली.

त्याच वर्षी महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली. काँग्रेसला 75 आणि राष्ट्रवादीला 58 जागा मिळाल्या. ऑक्टोबरमध्ये दोन्ही पक्ष एकत्र आले आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री, छगन भुजबळ उपमुख्यमंत्री झाले. ज्या मुद्द्यावर पक्ष फुटला, तो पाच महिन्यांत मागे पडला.

2004 च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेस आघाडी जिंकली, तेव्हा हा वाद पुन्हा पेटला. 18 मे रोजी सोनिया गांधींनी पंतप्रधानपद नाकारलं. 22 मे रोजी मनमोहन सिंग यांनी शपथ घेतली आणि त्यांच्या मंत्रिमंडळात शरद पवार कृषिमंत्री झाले. मनमोहन सिंग यांचं जन्मगाव गाह आज पाकिस्तानात आहे. इंद्रकुमार गुजराल यांचं झेलम आणि लालकृष्ण अडवाणींचं कराचीही तिथेच. ते जन्मले तेव्हा ही गावं अखंड हिंदुस्थानात होती, म्हणून त्यांच्या भारतीयत्वावर कुणी शंका घेतली नाही, आणि ते योग्यच झालं. पण नकाशावरच्या रेषा माणसाच्या हयातीत बदलतात, तेव्हा जन्मस्थान ही निष्ठेची कसोटी किती लंगडी आहे, हेही त्यातून दिसतं.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो? आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते इमन डी व्हॅलेरा न्यूयॉर्कमध्ये जन्मले; ते आधी पंतप्रधान आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच देशाचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचे वडील सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. ऑस्ट्रेलियाच्या माजी पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड वेल्समध्ये, तर ब्रिटनचे माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन न्यूयॉर्कमध्ये जन्मले. पोर्तुगालने मधला मार्ग काढला आहे: राष्ट्राध्यक्ष मूळचा पोर्तुगीज नागरिकच हवा, पंतप्रधानाला ती अट नाही.

निर्बंध मागणाऱ्यांची काळजी पोकळ नाही. सैन्य, अण्वस्त्रं, परराष्ट्र धोरण हे सगळं ज्याच्या हाती जाणार, त्याची निष्ठा दोन देशांत विभागलेली नसावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण तिची तजवीज भारतात आधीच आहे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय व्हायचं तर दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलेल्यांना इथे मतदानाचाही हक्क नाही. याहून अधिक खात्री हवी असेल, तर सर्वोच्च पदासाठी नागरिक म्हणून दीर्घ वास्तव्याची अट घालता येईल. त्या अटीने उमेदवाराला पारखण्याइतका काळ मतदारांना मिळेल. जन्माची अट मात्र माणसाने पुढे आयुष्यभर काय केलं, ते पाहायलाच नकार देते.

चिकोडीत जन्मलेल्या माणसाला वॉशिंग्टनमध्ये अडवणारा नियम आपल्याला अन्यायाचा वाटत असेल, तर तोच नियम दिल्लीत मागता येणार नाही. नागरिकत्वात पहिला आणि दुसरा दर्जा असू नये. कोण पंतप्रधान व्हावं आणि कोण होऊ नये, हे ठरवण्याचा हक्क मतदारांचा आणि त्यांनी निवडलेल्या संसदेचा आहे. तो त्यांच्याकडेच राहावा.