जिन, लिंबू आणि ऊन : हातावरचे डाग कशाचे?

एप्रिल-मेमध्ये सुट्टीवरून परतलेले काही रुग्ण हातावरचे फोड किंवा तपकिरी डाग दाखवायला येतात. “डॉक्टर, भाजलं नाही, काही चावलंही नाही, मग हे काय?” अशा वेळी मी एकच विचारतो, “उन्हात बसून लिंबं पिळली होती का?”

जिन-लाइम करायला सोपं. ग्लासात बर्फ, 30 मिलि जिन, अर्ध्या लिंबाचा रस, थोडी साखर, वरून सोडा. गोव्यात याच दिवसांत उर्राकमध्येही लिंबू पिळतात. पण डाग पिण्यामुळे येत नाहीत. ते येतात हाताने लिंबू पिळून, हात न धुता उन्हात बसल्यामुळे. साधं लिंबू सरबत करतानाही हेच होऊ शकतं.

लिंबाच्या रसात, आणि त्याहून कितीतरी जास्त सालीत, फ्युरोकौमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेला लागली आणि वर कडक ऊन पडलं, की तिथल्या पेशींना इजा होते. याला फायटोफोटोडर्मॅटायटिस म्हणतात. ही ॲलर्जी नव्हे. ‘मला लिंबू नेहमी चालतं’ म्हणणाऱ्यालाही हे होऊ शकतं.

गोंधळ होतो तो वेळेमुळे. त्या दिवशी काहीच दिसत नाही. साधारण एका दिवसाने त्वचा लाल होते, आग होते. दोन-तीन दिवसांत फोड येऊ शकतात. तोवर लिंबू कुणाच्या लक्षात राहतं! डागांचा आकार मात्र खूण सांगतो: रसाचे ओघळ, थेंब, कधी बोटांचे ठसे. लिंबू पिळलेल्या हातांनी बाळाला उचललं आणि बाळ उन्हात खेळलं, तर त्याच्या अंगावर असे ठसे उमटतात आणि घरात मारहाणीचा संशय येतो. म्हणून डॉक्टरांना लिंबाचं आठवणीने सांगा.

फोड फोडू नका. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, तो भाग उन्हापासून झाकून ठेवा. स्टेरॉइड मलम मनाने लावू नका. फोड मोठे असतील, पू किंवा ताप आला, किंवा रुग्ण लहान मूल असेल तर लगेच दाखवा. डाग जायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. ते घालवायला त्यावर पुन्हा लिंबू चोळणारे रुग्णही मी पाहिले आहेत!

लिंबू सावलीत पिळा, शक्यतो यंत्राने, आणि नंतर हात मनगटापर्यंत साबणाने धुवा. नुसते रुमालाला पुसून चालत नाही.

आता जिनविषयी. दारूने लघवी वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात तहान भागवायला ती कामाची नाही. आधी पाणी प्या. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर दारूमुळे धोकादायकरीत्या उतरू शकते. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर दारू नकोच. अशांनी ग्लासात लिंबू, मीठ आणि सोडा एवढंच घ्यावं. रक्तदाब असेल तर मीठही वगळा.