अ‍ॅट्राझिन, बेडूक आणि न मिटलेला वाद

मक्यातील तण रोखणारे अ‍ॅट्राझिन हे तणनाशक प्राण्यांच्या संप्रेरकांवर, म्हणजे ग्रंथींतून स्रवून वाढ व प्रजनन नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांवर, परिणाम करते का, हा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील जीवशास्त्रज्ञ टायरोन हेज यांच्या संशोधनामुळे वादाचा ठरला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात झेनोपस जातीचे ४० नर बेडूक डिंभावस्थेपासून, म्हणजे पाय फुटण्यापूर्वीपासून, अब्जात २.५ भाग अ‍ॅट्राझिन असलेल्या पाण्यात वाढवले असता सुमारे १० टक्के नरांचे रूपांतर माद्यांत झाले. त्यांनी नरांशी संयोग करून अंडी घातली आणि जनुकीयदृष्ट्या दोन्ही पालक नरच असल्याने सारी संततीही नरच निपजली. उत्पादक कंपनी सिंजेंटाने हेज यांचे निष्कर्ष अमान्य केले, तर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याआधीच, २००७ मध्ये, या रसायनाचा बेडकांच्या जननग्रंथींवर परिणाम होत नसल्याचा निर्वाळा दिला होता. युरोपीय संघाने अ‍ॅट्राझिनची मान्यता काढून घेतली, ती मात्र बेडकांमुळे नव्हे, तर भूजलात त्याचे अंश मर्यादेपलीकडे जाण्याच्या शक्यतेमुळे. बेडकांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही महाराष्ट्रातील मक्याच्या शेतांतही हे तणनाशक फवारले जाते, म्हणून विहिरी-ओढ्यांपासून ते दूर ठेवणे हेच शहाणपणाचे.