अठ्ठाविसावा दिवस

पहाटे साडेपाच. गुढियारीच्या ठोक बाजारात ट्रक लागू लागतात आणि हमालांच्या हाकांनी मला जाग येते. चहा होईतो आई विचारते, "आज पुन्हा गाळ आणायचा का गं?" आणायचा. नवी चाचणी लावायची आहे, आणि जुनीचा आज अठ्ठाविसावा दिवस.

सात. चंदनीडीहच्या सांडपाणी केंद्रात हवा घातलेल्या टाकीतला तपकिरी गाळ घेते. बाटली अर्धीच भरायची. वाटेत जिवाणूंना श्वास घ्यायला जागा हवी. वरून ओलं गोणपाट गुंडाळते, कारण एप्रिलचं ऊन आठालाच चटके देतं.

साडेनऊ. प्रयोगशाळेतल्या कपाटात 22 अंश आणि अंधार. प्रत्येक बाटलीत क्षारांचं पाणी, थोडा गाळ आणि खायला एकच पदार्थ. जिवाणूंनी तो खाल्ला की ऑक्सिजन खर्च होतो. बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड झाकणाखालचा अल्कली शोषून घेतो, म्हणून आतला दाब उतरतो. पूर्ण विघटनाला हिशेबाने जितका ऑक्सिजन लागेल त्याच्या 60 टक्के 28 दिवसांत खर्च झाला पाहिजे. शिवाय 10 टक्क्यांपासून 60 पर्यंतची चढण दहा दिवसांत व्हायला हवी, तरच तो पदार्थ 'सहज विघटनशील'. शेजारी सोडियम बेंझोएटची बाटली असते. ती चौदा दिवसांत 60 ओलांडत नसेल तर सगळी चाचणी रद्द.

अकरा. आजच्या दोन बाटल्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलांच्या. हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. 5 एप्रिल 2024 ला आमच्या गुढियारीत वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मर गोदामाला आग लागली आणि काळ्या धुराचे लोट उठले. धूर सगळ्यांनी पाहिला. माझ्या मनात तेव्हापासून एकच प्रश्न आहे: असं तेल न जळता जमिनीत उतरलं, तर त्याचं पुढे काय होतं?

कागदावर दोन रेषा आहेत. वनस्पतिजन्य एस्टर तेलाची झपाट्याने चढून 60 च्या वर गेली. त्या रेणूत एस्टर बंध असतो. जिवाणूंचं विकर पाण्याच्या साहाय्याने तो कापतं आणि सुटलेली मेदाम्लं दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी खाल्ली जातात. खनिज तेलाची रेषा अजून खालीच रेंगाळते आहे. त्या तेलात धरायला ऑक्सिजनच नाही. फांद्या आणि वलयांच्या त्या रेणूत जिवाणूंना तो आधी स्वतः घुसवावा लागतो. सरळ साखळ्या लवकर संपतात, वलयं मागे उरतात.

दीड. डबा. जेवताना नवी सहकारी विचारते, "ताई, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं पीसीबी?" ते या दोन तेलांच्याही पलीकडचं. दोन बेंझिन वलयांवर क्लोरीन कुठे आणि किती, यावरून त्याचे 209 प्रकार होतात. जिथे ऑक्सिजन जोडायचा तिथेच क्लोरीन बसलेला असतो. क्लोरीन जितके जास्त तितकं विघटन मंद. भारताने 2016 च्या आदेशाने त्याचं उत्पादन आणि आयात थांबवली, वापराला 31 डिसेंबर 2025 ची मुदत घातली. क्लोरीनने लदलेलं पीसीबी मात्र नदीच्या गाळात कित्येक दशकं टिकतं. मुदतीच्या तारखेशी त्या रेणूला काही देणंघेणं नाही, आणि याची मला मनापासून धास्ती वाटते.

चार. वीज जाते. जनरेटर लागेपर्यंत मी थर्मामीटरपाशी उभी. पारा हलत नाही.

सहा. अहवाल लिहिते. खनिज तेलापुढे 'विघटन होत नाही' असं लिहीत नाही. 'या चाचणीत सहज विघटनशील नाही' असंच लिहिते. मातीत, ओलाव्यात, नायट्रोजन-फॉस्फरस मिळाल्यावर तेच जिवाणू वर्षभरात बरंच काही करू शकतात. 28 दिवस ही मुद्दाम कठीण ठेवलेली परीक्षा आहे.

आठ. रेल्वेपुलाखालून घरी. आई भजी तळून कढई मोरीकडे नेते आहे. "शेंगदाण्याचंच तेल, जिवाणू खातील ना?" खातील, आई, पण खाताना खारून नदीच्या पाण्यातला ऑक्सिजनही घेतील. कढई मी हातातून घेते आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसून काढते.