महाराष्ट्रातील मुष्टियुद्धाची लोकप्रियता

मुष्टियुद्ध किंवा बॉक्सिंग हा खेळ महाराष्ट्रात मुख्यतः लष्करी छावण्या, पोलीस दल, रेल्वे आणि मुंबई-पुण्यातील मोजके क्लब यांच्या आश्रयाने वाढला. २००८ नंतर विजेंदर सिंग आणि मेरी कोम यांच्या रूपाने या खेळाला देशभर ओळखले जाणारे चेहरे मिळाले. तरीही क्रिकेट, कबड्डी वा कुस्तीप्रमाणे तो सर्वसामान्य प्रेक्षकांचा खेळ झाला नाही. एखाद्या नामवंत खेळाडूच्या कीर्तीमुळे त्याचा खेळ लोकप्रिय होतो काय, हा प्रश्न तपासण्यासाठी महाराष्ट्राचे उदाहरण उपयोगी आहे. येथे त्याच काळात कबड्डी नेमक्या उलट मार्गाने दूरचित्रवाणीवर पोहोचली, आणि कुस्तीची लोकप्रियता कोणा एका मल्लाच्या उदयास्तावर कधीच अवलंबून राहिली नाही.

पार्श्वभूमी

भारतात मुष्टियुद्ध ब्रिटिश काळात लष्करामार्फत रुजले. स्वातंत्र्यानंतरही सैन्यदल हाच या खेळाचा सर्वांत मोठा आश्रयदाता राहिला. महाराष्ट्रात पुणे-खडकी परिसर, देवळाली आणि अहिल्यानगर अशी मोठी लष्करी केंद्रे आहेत. अहिल्यानगर येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि यांत्रिकी पायदळाचे रेजिमेंटल केंद्र ही दोन्ही आहेत. २००१ मध्ये पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तेथील निवडक क्रीडाप्रकारांत मुष्टियुद्धाचा समावेश आहे. मात्र लष्करातील लढती प्रामुख्याने तुकड्या-तुकड्यांमध्ये, छावणीच्या आवारात होतात. खेळाडू घडतात, पण बाहेरच्या माणसाला ते दिसत नाहीत.

राज्याशी संबंधित मुष्टियोद्ध्यांत गोपाळ देवांग व मनोज पिंगळे हे अर्जुन पुरस्काराचे मानकरी आहेत. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे जन्मलेले मुरलीकांत पेटकर हे सैन्यात असताना मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात ते गंभीर जखमी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. २०२४ मध्ये आलेल्या 'चंदू चॅम्पियन' या हिंदी चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. मराठी मुलखातील कदाचित सर्वांत प्रसिद्ध मुष्टियोद्ध्याला कीर्ती मिळाली ती जलतरणाने, हा योगायोग या खेळाच्या स्थितीविषयी बरेच सांगून जातो.

परदेशी ताऱ्याच्या भेटीचाही अनुभव भारताने घेतला आहे. जानेवारी १९८० मध्ये मुहम्मद अली भारतात आले होते. दिल्लीत त्यांनी लष्करातील कौर सिंग यांच्याशी प्रदर्शनीय लढत दिली. कौर सिंग यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, पण उतारवयात त्यांना उपचारांच्या खर्चासाठी झगडावे लागले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. अलींच्या भेटीला गर्दी लोटली. त्या गर्दीला मात्र दुसऱ्या दिवशी पाहण्यासाठी देशात कोणतीही नियमित लढत उपलब्ध नव्हती.

विजेंदर सिंग व वरळीची लढत

हरियाणातील भिवानी जिल्ह्यातील कालुवास गावचे विजेंदर सिंग यांनी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७५ किलो वजनगटात कांस्यपदक मिळवले. मुष्टियुद्धातील भारताचे हे पहिले ऑलिंपिक पदक होय. या यशाची मांडणी बहुधा 'एका खेळाडूने खेळ बदलला' अशी केली जाते. घटनाक्रम पाहता ती अपुरी वाटते. बीजिंगला गेलेल्या पाच भारतीय मुष्टियोद्ध्यांपैकी विजेंदर, अखिल कुमार, जितेंदर कुमार व दिनेश कुमार हे चौघे भिवानीचेच होते. १९६६ व १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळवणारे हवा सिंग यांनी आणि प्रशिक्षक जगदीश सिंग यांनी तेथे क्लब उभा करून ठेवला होता. भिवानीत पदकाच्या आधी क्लब होता, त्यामुळे पदकानंतर आलेल्या मुलांना जायला जागा होती.

२०१५ मध्ये विजेंदर यांनी व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रवेश केला. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाच्या केरी होप यांना हरवून त्यांनी डब्ल्यूबीओ संघटनेचा आशिया-पॅसिफिक सुपर मिडलवेट किताब जिंकला. महाराष्ट्रातील त्यांची लढत ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, चीनच्या झुल्पिकार मैमैतियाली यांच्याशी झाली. दहा फेऱ्यांनंतर पंचांनी एकमताने विजेंदर यांना विजयी घोषित केले. त्याच संध्याकाळी अखिल कुमार व जितेंदर कुमार यांनीही व्यावसायिक पदार्पण केले.

तेव्हा डोकलाम येथे भारत व चीन यांचे सैन्य समोरासमोर उभे होते. लढतीची जाहिरात साहजिकच दोन देशांतील सामना म्हणून झाली. विजयानंतर विजेंदर यांनी सीमेवरील शांततेसाठी प्रतिस्पर्ध्याचा पट्टा परत करण्याची तयारी दाखवली, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत लढतीतील डावपेचांपेक्षा याच विधानाची चर्चा अधिक झाली. त्या रात्री दोघांपैकी कोणाचा बचाव सरस होता, हे सांगू शकणारा प्रेक्षक त्यातून तयार झाला असे म्हणता येत नाही.

यापेक्षा महत्त्वाची बाब वेळापत्रकाची आहे. मुंबईनंतर विजेंदर यांच्या लढती जयपूर, न्यूअर्क, दुबई, पणजी व रायपूर अशा पाच वेगवेगळ्या शहरांत झाल्या. डिसेंबर २०१७ ते जुलै २०१९ या काळात तर एकही लढत झाली नाही. मार्च २०२१ मध्ये पणजीत मांडवी नदीतील कॅसिनो जहाजाच्या छतावर ते रशियाच्या आर्तिश लोपसान यांच्याकडून पराभूत झाले. व्यावसायिक कारकिर्दीतील हा त्यांचा पहिला पराभव. दरम्यान २०१४ मध्ये 'फगली' हा चित्रपट व २०१९ मध्ये लोकसभेची निवडणूक यांमुळे त्यांचे नाव लोकांसमोर राहिले, खेळ मात्र राहिला नाही. मुंबईतील ज्या प्रेक्षकाला वरळीची लढत आवडली, त्याला पुढच्या शनिवारी तिकीट काढून पाहता येईल असे काही नव्हते.

दारासिंग यांचे पूर्वोदाहरण

वरळीला हा अनुभव नवा नव्हता. एनएससीआय डोम म्हणजेच सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियमचा परिसर १९५० व १९६० च्या दशकांत दारासिंग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांसाठी प्रसिद्ध होता. १९६८ मध्ये मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझ यांना हरवले. दारासिंग यांचे नाव पुढे बलवान माणसाचा समानार्थी शब्द बनले. ही कीर्ती चित्रपटसृष्टीकडे आणि शेवटी दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेतील हनुमानाच्या भूमिकेपर्यंत गेली. मुंबईतील त्या तिकीट लावून होणाऱ्या कुस्त्यांची परंपरा मात्र त्यांच्या पिढीबरोबर ओसरली.

कुस्तीशी तुलना

ग्रामीण महाराष्ट्रात याउलट चित्र आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात गावच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो. दुपारी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, इनामाची रक्कम हळूहळू चढत जाते आणि दिवस कलताना नामवंत मल्लांची शेवटची कुस्ती लागते. इनामाचा पैसा गावच्या वर्गणीतून येतो. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा माणूसही यात्रेला गावी गेला की आखाड्याच्या कडेला बसतो, कारण त्याच्या भाऊबंदांपैकी कोणीतरी तालमीत जाणारा असतो. शेवटच्या कुस्तीचा मल्ल दरवर्षी बदलतो. हगामा बदलत नाही.

साताऱ्याच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणले. त्यानंतर कुस्तीतील पुढचे ऑलिंपिक पदक सुशील कुमार यांना मिळेपर्यंत ५६ वर्षे गेली. खाशाबांना त्यांच्या हयातीत अर्जुन पुरस्कारही मिळाला नाही. तो २००० मध्ये मरणोत्तर देण्यात आला. जगज्जेत्या दर्जाचा तारा असूनही त्याची कीर्ती राबवली गेली नाही, तरीही महाराष्ट्रात कुस्ती टिकून राहिली. तिचा आधार तालमी, वस्ताद, यात्रा आणि १९६१ पासून सुरू असलेली महाराष्ट्र केसरी स्पर्धा यांच्यावर होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर झाली. पृथ्वीराज मोहोळ यांनी महेंद्र गायकवाड यांच्यावर मात करून गदा जिंकली. त्याआधी मोहोळ व शिवराज राक्षे यांच्या लढतीतील पंचांच्या निर्णयावरून मोठा वाद झाला. राक्षे यांची पाठ खरोखर टेकली होती का, या एका मुद्द्यावर चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत लोक चित्रफीत पुन:पुन्हा पाहून वाद घालत होते. वाद अप्रिय असला तरी त्यातून एक गोष्ट दिसते: सामान्य प्रेक्षकाला चीतपट म्हणजे काय हे कळते.

मुष्टियुद्धात ही सोय नाही. बीजिंगच्या काळात हौशी लढतींत ठोशांची मोजणी पंच यंत्रावर कळ दाबून करीत. विजेंदर यांची उपांत्य लढत क्यूबाच्या एमिलिओ कोरेया यांच्याविरुद्ध ५–८ अशा गुणांनी गेली. २०१३ पासून ही पद्धत बदलून प्रत्येक फेरीत विजेत्यास १० गुण देण्याची व्यावसायिक पद्धत आली. त्यामुळे ज्या प्रेक्षकांना एका पदकाने खेळाची गोडी लागली होती, त्यांना पाच वर्षांतच निकाल नव्याने समजून घ्यावा लागला.

कबड्डीचा उलट मार्ग

जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा तिच्या बहुतेक खेळाडूंची नावे शहरी प्रेक्षकाला ठाऊक नव्हती. मात्र सामने जवळजवळ रोज, ठरावीक वेळी आणि ओळखीच्या खेळाचे होते. यू मुंबा संघाने पहिल्या हंगामात अंतिम फेरी गाठली व दुसऱ्या हंगामात विजेतेपद मिळवले. तारे त्यानंतर घडले. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार हा त्यांपैकीच एक असून त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये विजेतेपद पटकावले.

मुष्टियुद्धातही असा प्रयत्न झाला. डिसेंबर २०१९ मध्ये बिग बाउट लीगमध्ये बॉम्बे बुलेट्ससह सहा संघ उतरले, तर मेरी कोम व अमित पंघाल यांच्यासारखे नामवंत खेळाडूही होते. तारे होते, तरी स्पर्धा काही आठवड्यांत आटोपली आणि पुढच्या वर्षी महासाथ आली. कबड्डी शाळेच्या मैदानावर खेळलेल्या माणसाला पडद्यावरची कबड्डी परकी वाटत नाही. हातमोजे कधी न चढवलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे.

संघटनेतील खंड

ताऱ्याच्या कीर्तीचा लाभ खेळाला मिळायचा असेल, तर ती कीर्ती ताजी असताना जिल्हा व राज्य पातळीवर स्पर्धा व्हाव्या लागतात. भारतात नेमके याच वेळी उलट घडले. लंडन ऑलिंपिकनंतर, डिसेंबर २०१२ मध्ये, आंतरराष्ट्रीय संघटनेने भारतीय हौशी मुष्टियुद्ध महासंघाला निवडणुकीतील गैरप्रकारांच्या संशयावरून निलंबित केले. २०१४ मध्ये स्थापन झालेली 'बॉक्सिंग इंडिया' ही संघटना अंतर्गत कलहामुळे वर्षभरातच कोलमडली. सप्टेंबर २०१६ मध्ये भारतीय मुष्टियुद्ध महासंघाची निवड झाल्यावर परिस्थिती सावरली. मधल्या काळात भारतीय मुष्टियोद्ध्यांना काही आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तिरंग्याऐवजी आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ध्वजाखाली उतरावे लागले. मेरी कोम यांच्यावरील चित्रपट २०१४ मध्ये, म्हणजे याच काळात प्रदर्शित झाला. चित्रपट पाहून क्लबमध्ये आलेल्या मुलीपुढे मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटनाच नव्हती.

खेळाडू व प्रेक्षक यांतील फरक

लोकप्रियतेच्या चर्चेत खेळणाऱ्यांची संख्या आणि पाहणाऱ्यांची संख्या या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. मुष्टियुद्धातील ताऱ्यांचा परिणाम पहिल्या गोष्टीवर अधिक स्पष्ट दिसतो. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत मणिपूरच्या डिंको सिंग यांनी सुवर्ण जिंकले. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन मेरी कोम या खेळात आल्या आणि सहा वेळा जगज्जेत्या झाल्या. महिला मुष्टियुद्धाचा ऑलिंपिकमध्ये समावेश २०१२ मध्ये झाला आणि त्याच वर्षी त्यांनी कांस्यपदक मिळवले. पुढे लवलिना बोर्गोहेन व निखत झरीन यांची पिढी आली. पुण्याच्या देविका घोरपडे हिने २०२२ मध्ये स्पेनमधील युवा जागतिक स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले.

महाराष्ट्रात ही साखळी तुटू नये म्हणून ज्या गोष्टी उपयोगी पडतात, त्या ताऱ्यांहून कमी आकर्षक आहेत. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी योजनेत अकोला येथे मुष्टियुद्धाचे निवासी प्रशिक्षण मिळते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ठोसे खाण्याच्या खेळात मुलाला पाठवताना पालक पोस्टरपेक्षा या तरतुदींकडे अधिक पाहतात, आणि ते रास्तही आहे.

पॅरिस २०२४ मध्ये भारतीय मुष्टियोद्ध्यांना एकही पदक मिळाले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूल येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत जास्मिन लंबोरिया व मीनाक्षी हुडा यांनी सुवर्णपदके जिंकली. लंबोरिया या भिवानीच्याच आहेत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील मुष्टियुद्धाचे स्थान काही काळ अनिश्चित होते. मार्च २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या खेळाचा समावेश कायम केला.