चौदा हजारांचा एक, साठ लाखांचाही एक

कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेवर अल्पाइन, इन्यो आणि मोनो हे तीन डोंगराळ, वाळवंटी जिल्हे आहेत. 1960 च्या जनगणनेत तिघांची मिळून लोकसंख्या 14,294 भरली; त्यात अल्पाइनची फक्त 397. राज्याच्या सिनेटमध्ये त्यांचा मिळून एक सदस्य होता. आणि 60,38,771 वस्तीच्या लॉस एंजेलिस जिल्ह्याचाही एकच!

हा घाट 1926 च्या सार्वमताने घातला गेला. 40 जागा, एका जिल्ह्याला एकापेक्षा जास्त जागा नाही आणि एका मतदारसंघात तीनपेक्षा जास्त जिल्हे नाहीत, असा तो नियम. शहरांच्या संख्याबळापुढे खेडी दबू नयेत, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. इन्योतल्या ओवेन्स खोऱ्याचं पाणी लॉस एंजेलिसने 1913 मध्येच कालव्याने पळवलं होतं. डेथ व्हॅलीजवळच्या शोशोनी या चिमुकल्या वस्तीतले चार्ल्स ब्राउन 1938 पासून दोन दशकांहून अधिक काळ या तीन जिल्ह्यांचे सिनेटर होते.

1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटल्यात राज्यांच्या दोन्ही सभागृहांत मतदारसंघ लोकसंख्येनुसारच हवेत, असा निकाल दिला. तो लिहिला सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना याच वॉरननी जुन्या पद्धतीची पाठराखण केली होती. 1966 च्या निवडणुकीपासून लॉस एंजेलिसच्या वाट्याला चौदाच्या आसपास जागा आल्या आणि तीन जिल्ह्यांचा तो छोटा मतदारसंघ संपला.