झऱ्याचं पाणी रात्री गरम का लागतं?

ज्यू शाळांबद्दल एक समज पक्का आहे: तिथं जगाचं वय हिब्रू पंचांगानुसार शिकवत असणार. या पंचांगाचं ५७८६ वं वर्ष सप्टेंबर २०२५ मध्ये लागलं. म्हणजे जग तेवढ्याच वर्षांचं!

वस्तुस्थिती अशी की ज्यू शाळा सगळ्या एका साच्यातल्या नाहीत. न्यूयॉर्कमध्ये हासिदी या कट्टर परंपरानिष्ठ ज्यू पंथाच्या काही येशिवांमध्ये, म्हणजे धर्मशाळांमध्ये, मुलग्यांना गणित-विज्ञान फारच तुटपुंजं मिळतं. ही तक्रार खरी आहे आणि त्यात मुलांचं मोठं नुकसान आहे. पण अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरानिष्ठ, रब्बींच्याच (धर्मगुरूंच्याच) 'रॅबिनिकल कौन्सिल ऑफ अमेरिका' या संघटनेनं २००५ मध्ये जाहीर केलं, की उत्क्रांतीचा सिद्धांत नीट समजून घेतला तर तो ईश्वरावरच्या श्रद्धेच्या आड येत नाही.

दुसरा गैरसमज कौतुकातून आलेला, म्हणून जास्त चिवट. ही मुलं जोडीजोडीनं बसून ताल्मुद या ज्यू धर्मग्रंथाचा कीस पाडतात, प्रत्येक ओळीला 'कशावरून?' विचारतात, तेव्हा वैज्ञानिक दृष्टी त्यांना आपसूक येत असेल, असं वाटतं. तसं होत नाही. ग्रंथातल्या वादात दोन्ही मतं पानावर शेजारी शेजारी नांदू शकतात. निसर्गाच्या वादात शेवटी मोजून बघावं लागतं, आणि ज्याचा युक्तिवाद सरस तोही हरू शकतो. हा फरक शिकवावाच लागतो.

त्यासाठी ताल्मुदमध्येच एक सुंदर जागा आहे. पेसाहीम या भागात प्रश्न येतो: रात्री सूर्य जातो कुठे? ज्यू विद्वान म्हणतात, आकाशाच्या घुमटावरून. परके विद्वान म्हणतात, जमिनीखालून. यावर थोर ज्यू विद्वान रब्बी यहुदा हानासी म्हणतात, त्यांचं म्हणणं आपल्यापेक्षा बरोबर दिसतं, कारण झरे दिवसा गार असतात आणि रात्री गरम; म्हणजे रात्री सूर्य त्यांना खालून तापवत असणार.

आपल्या माणसांचं मत बाजूला ठेवून पुराव्याकडे बघणं, हे शिकण्यासारखं आहेच. पण नववी-दहावीच्या वर्गानं इथं थांबू नये. थंडीत पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यातलं पोर सांगेल. मुलांच्या हाती थर्मामीटर द्यावा. जमिनीतून येणाऱ्या पाण्याचं तापमान दिवसरात्र जवळपास तेवढंच भरतं. उतरतं ते हवेचं, आणि फसतो आपला हात. म्हणजे निरीक्षण खरं, प्रामाणिकपणा खरा, कारण मात्र चुकलेलं. इतक्या थोर माणसाचंही कारण चुकू शकतं आणि त्यानं त्याचा मान तसूभरही कमी होत नाही, हे पंधराव्या वर्षी कळलेलं मूल पुढे कुठल्याही दाव्याला घाबरणार नाही.

तिसरा गैरसमज: धर्म कसोशीनं पाळणारा ज्यू लशीच्या विरोधातच असतो. २०१८-१९ मध्ये ब्रुकलिनच्या ऑर्थोडॉक्स वस्तीत गोवर पसरला, तेव्हापासून हे फार बोललं जातं. मुंबईकरांनी तरी यावर विश्वास ठेवू नये. परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावानं उभी आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्यात प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. उत्तरायुष्यात ते कसोशीनं धर्म पाळणारे ज्यू होते. पुढे आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातल्या येशिवांसाठी ठेवली: तिथं धर्माबरोबर विज्ञान आणि हाताला काम देणारे उद्योगही शिकवले जावेत म्हणून.